बदलीचा माणूस

"खिडकी लावून घ्या," मामा म्हणाले, "आणि मध्ये बोलायचं नाही. आमच्या वायरमनची गोष्ट आहे, ऐकीव नाही."

भाचरं जवळ सरकली.

बंद पडलेल्या दीपगृहावर मोबाइलचा अँटेना बसवला होता, तो बिघडला. तीन वर्षांपूर्वीची मार्चमधली अमावास्या, शनिवार, रात्रीचे पावणेनऊ. बायकोला नववा लागलेला. "तासाभरात येतो, ताट वाढून ठेव," म्हणून वायरमन निघाला.

ते दीपगृह पूर्वी हाताने चालायचं. यंत्राचं हँडल रात्रभर फिरवत राहावं लागे, तेव्हा कुठे दिवा फिरे. बदलीचा माणूस येऊन "आलो" म्हणेपर्यंत पहिल्याने खाली उतरायचं नाही, असा नियम. साहेबांनी दीपगृह बंद केलं, पण वरच्या म्हाताऱ्याला कळवायचं राहिलं. बदलीचा माणूस आलाच नाही. लोक वर गेले तेव्हा म्हातारा हँडल धरून बसल्या जागी गार झाला होता. यंत्र भंगारात गेलं. वायरमनला हे सगळं नंतर कळलं, तिथेच घात झाला.

काम आटोपून तो जिना उतरत होता. टॉर्च मिणमिणला. वरच्या रिकाम्या खोलीतून दमलेला आवाज आला.

"पाळीवर आलास का रे?"

कुणी पहारेकरी असेल, असं त्याला वाटलं. म्हाताऱ्यांच्या हो ला हो करायची त्याची सवयच.

"हो काका, आलो."

पावलं खाली येऊ लागली... त्याच्याजवळून गेली... दिसलं कुणीच नाही. खालचं दार उघडलं. लागलं.

तो घरी पोचला तेव्हा उजाडलं होतं. त्याच्या हिशेबाने जेमतेम तास झालेला. तळहातांवर फोड.

मग रोज सकाळी फोड. घाबरून त्यांनी समुद्रापासून लांब बिऱ्हाड हलवलं. बायको रात्री त्याचे हात पलंगाला बांधायची. सकाळी गाठ तशीच असायची, आणि तळहाताला यंत्राचं काळं तेल. झोपेत तो एकच विचारायचा, "पाळीवर आलास का रे?"

"मग कोण सोडवणार त्याला?" धाकटीने विचारलंच.



"त्यांची मुलगी आता तीन वर्षांची. मोठी गोड. कुणीही हाक मारो, जिथे असेल तिथून 'आले' म्हणते. बापाला चिकटून झोपते... काल त्याच्या बायकोचा फोन आला. म्हणाली, भाऊजी, आज यांचे हात स्वच्छ आहेत. मला इतकं बरं वाटलं. मग ती बोलेचना..."

"मामा?"

"पोरगी झोपली होती. आईने तिची मूठ उघडून पाहिली."

भाचरं आणखी जवळ सरकली.

"काळं तेल," मामा म्हणाले.