खोक्यांची खोली

"रांगेत मी तुमच्या पुढे होते."

"होतात. मग बाहेर जाऊन फोनवर भांडलात. चांगली सात मिनिटं. रांगेनं काय तोवर श्वास रोखून थांबायचं?"

तो खरं बोलत होता, म्हणूनच मला जास्त संताप आला. कुरिअर कंपनीच्या त्या कार्यालयात माल परत करायची एकच खिडकी होती. माझ्या हातात तीन खोकी, सगळ्यांत वरच्या खोक्यावर टेकलेली हनुवटी, आणि कानात दादाचा आवाज अजून जळत होता. "तुझ्या घरात खोक्यांना खोली आहे, आईला नाही. सहा आठवडे देतो. तोवर ती खोली रिकामी दिसली नाही, तर मी आईला शुश्रूषागृहात ठेवणार. मग रडत बसू नकोस."

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली होती, आता सहा आठवडे रुग्णालयातच व्यायाम, आणि नंतर जिना चढायचा नाही. दादाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. माझं तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. त्यातल्या दुसऱ्या खोलीचं दार गेली दोन वर्षं पूर्ण उघडत नव्हतं.

"जा पुढे," तो म्हणाला. "पण एक विचारू? मंगळवारी पण तुम्ही होतात. आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी."

"पाळत ठेवता का माझ्यावर?"

"नाही... मंगळवारी मी पण होतो. आणि शुक्रवारी पण." त्यानं हातातलं लांबट खोकं जरा वर केलं. "ड्रिल मशीन. घरी आणखी चार आहेत. भोकं पाडायला भिंती उरलेल्या नाहीत."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. ओठांनी ऐकलं नाही.

खिडकीतल्या बाईंनी माझा अर्ज वाचला. "कारण – माल खराब. ताई, या महिन्यात नऊ वेळा खराब निघाला?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नको आहे, असं लिहिलं तरी घेते हो मी परत."

मग मला त्या बाईंचाही राग आला.

बाहेर आलो तर बारीक पाऊस लागला होता आणि दोघांकडेही छत्री नव्हती. म्हणजे माझ्या घरी सात होत्या, न उघडलेल्या. आम्ही छपराखाली उभे राहिलो. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते, शहरभरातून आलेल्या पाण्याचा गढूळपणा मोजते, दशांश चिन्हापुढे दोन आकडे लिहिते. एवढी नेमकी बाई घरी येऊन अकरावा टेबल-लॅम्प का मागवते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या अनोळखी माणसाला मी हे का सांगितलं, याचंही नाही.

"मग आता काय करणार?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. सध्या नुसता राग राग होतोय."

"राग बरा. माझ्याकडे नुसती लाज आहे. लाज वाटली की मी आणखी एक ड्रिल घेतो."

नियम त्यानं सुचवला. हात शिवशिवले की काहीही मागवण्याआधी एकमेकांना फोन करायचा आणि वस्तूचं नाव मोठ्यानं सांगायचं. त्यात मी भर घातली – त्याच्या अगोदर काय घडलं तेही सांगायचं. नमुना कुठून घेतला, किती वाजता घेतला हे बाटलीवर नसेल, तर आत मोजलेल्या आकड्याला काडीची किंमत नसते.

पहिला फोन त्याचा आला. रविवार, दुपारचे तीन.

"लेझरची मोजपट्टी. साठ मीटरपर्यंत मोजते."

"तुझ्या घरात साठ मीटर कुठे आहेत?" अहो-जाहो कधी गळून पडलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

"नाहीयेत."

"त्याच्या अगोदर काय घडलं?"

"काही नाही. जेवलो. भांडी घासली. एकच ताट असतं गं... लगेच होतं."

मी फोन ठेवला नाही. एक तास आम्ही लिफ्टच्या दोरखंडांविषयी बोललो. त्यानं मोजपट्टी घेतली नाही.

माझे फोन मी आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी मांडत होते. तिसऱ्या आठवड्यात तो कागद त्याच्यापुढे ठेवला, तर त्यानं एकेका ठिपक्यावर बोट टेकवलं.

"प्रत्येक ठिपका तुझ्या दादाचा फोन येऊन गेल्यावर अर्ध्या तासात पडलाय. हे तुला दिसलं नाही?"

मला दिसलं नव्हतं. मला... दुसऱ्यांच्या पाण्यातला कण न् कण दिसतो.

"त्याला उलट बोलायचं असतं तुला," तो म्हणाला. "ते गिळतेस आणि लॅम्प मागवतेस."

"आत्ता मला तुझा राग येतोय."

"मग मला मागव. परत मात्र घेत नाहीत हं, आधीच सांगून ठेवतो."

मी टेबलावरची पेनं सरळ केली. ती अगोदरच सरळ होती.

दर शनिवारी आम्ही खोली उपसायचो. काय परत करायचं, काय वसतिगृहाच्या मुलींना द्यायचं, यावर प्रत्येक खोक्यामागे भांडण. मी हक्कानं भांडायचे आणि तो मुद्दाम भांडायचा.

"पोहायचे चष्मे. सहा! पोहता येतं तुला?"

"शिकणार होते."

"सहा डोळ्यांनी?"

"बारा," मी म्हटलं, आणि असल्या क्षणीही आपण चूक दुरुस्त करतो म्हणून स्वतःवरच चिडले.

त्याच्या बोटांना ग्रीसचा वास यायचा, साबणानं धुऊनही. खोक्याची एक बाजू त्याच्याकडे, एक माझ्याकडे. "सोड, मी नेतो." – "तूच सोड." कुणीच सोडायचं नाही, आणि मध्ये पुठ्ठा चेपत जायचा.

पाचव्या शनिवारी जमीन दिसली. आईला वॉकर घेऊन वळायला दीड मीटरची मोकळी जागा लागणार होती. मी दोरी धरून खडूनं जमिनीवर वर्तुळ काढलं. तो त्यात जाऊन उभा राहिला.

"इथे दोन माणसं मावतात का बघायचं?"

"ते आईच्या वॉकरसाठी आहे."

"वॉकरला पाय किती? चार. आपले मिळून किती होतात?"

हिशेब बरोबर होता. मी वर्तुळात पाऊल ठेवलं. त्याच्या शर्टाचं दुसरं बटण सुटायला आलं होतं, आणि मला ते शिवावंसं वाटलं – नवा शर्ट घ्यावासा नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्यानं माझ्या कपाळावरची पुठ्ठ्याची धूळ अंगठ्यानं पुसली. हळूच... आणि आम्ही दोघंही एकदम खिडकीबाहेरच्या गाड्यांकडे बघायला लागलो.

न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायचा म्हणून मी त्याला घराची किल्ली दिली. बुधवारी कामावरून आले तर खोलीचं दार अर्ध्यावर अडलं. आत एक प्रचंड खोकं आडवं पडलं होतं. वर्तुळाचा मागमूस नव्हता. खोक्याच्या पलीकडे तो, आनंदानं फुललेला.

"आईंसाठी पलंग! डोक्याकडून वर होतो, पायांकडून वर होतो, पाठ चेपून देतो. रिमोटवर!"

"फोन का नाही केलास?"

"अगं, हे माझ्यासाठी नाही ना."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे वाक्य तू मला ऐकवतोस? ही खोली कशी भरली असं वाटलं तुला? भाचीसाठी, आईसाठी, प्रयोगशाळेतल्या मुलींसाठी! स्वतःसाठी मी ते बारा डोळे सोडले तर काही घेतलेलं नाही! माझ्या आईला निमित्त केलंस तू. तिला अजून पाहिलंसुद्धा नाहीस, आणि तिची पाठ चेपायला निघालास! चार दिवस उरलेत. दादा दारातून हे बघेल आणि तिला तसाच परत घेऊन जाईल. कळतंय का तुला?"

त्याचा चेहरा उतरला, मग ताठ झाला.

"कळतंय. चुकलो मी. आता तू सांग. सोमवारी दादाचा फोन आला होता म्हणालीस. मग मला फोन का नाही आला? सोमवारचा ठिपका कुठे आहे?"

मी पडलेली पिशवी उचलली.

"कुठे आहे?"

"प्रयोगशाळेत... माझ्या कपाटात. तुझ्या मापाचे बूट आहेत. कामाचे. पोलादी टोकांचे."

"माझं माप कुणी सांगितलं तुला?"

"दारात बूट काढून ठेवतोस तेव्हा तळावरचा आकडा वाचला."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी आम्ही पोट धरून हसलो असतो. तो शांतपणे कोट चढवू लागला. "पलंग उद्या सकाळी उचलायला लावतो. मला आत्ता प्रचंड राग आलाय. अर्धा तुझा, अर्धा माझा. कुठला कुणाचा ते कळत नाही, म्हणून जातो."

"जा!"

गेला. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून गेला, हे मला फार झोंबलं.

गुरुवारी पलंग गेला, बूट मी परत केले. शुक्रवारी दादाचा फोन आला. "रविवारी आईला घेऊन येतो. शुश्रूषागृहात खाट सांगून ठेवलेली आहे, तुझा काही भरवसा नाही." मी नेहमीसारखं "बरं" म्हटलं. पुढच्या दहा मिनिटांत हवा शुद्ध करणारं यंत्र, तीन प्रकारांतलं, माझ्या फोनच्या पडद्यावर होतं. आईसाठी! बोट बटणावर होतं. त्याला फोन करायचा नाही म्हणजे नाही, आणि हे यंत्रही घ्यायचं नाही म्हणजे नाही... मी फोन मांडीवर धरून तशीच बसून राहिले.

तेवढ्यात पडद्यावर त्याचा फोन आला.

"मी अजून रागावलेलोच आहे," तो म्हणाला.

"मी पण."

"दुकानाच्या दारात उभा आहे. तुझी समजूत काढायला फुलदाणी घ्यावी म्हणतो. किती आहेत तुझ्याकडे?"

"चौदा होत्या. तूच बांधून दिल्यास."

त्याच्या मागून रहदारी ऐकू येत होती.

"काही न घेता ये," मी म्हटलं.

"जमेल का?"

"मला तरी कुठे जमतंय? ये तरी."

तो आला. दारात उभा राहिला, हातांचं काय करावं हे न कळून त्यानं ते खिशात घातले. मी पडद्यावरचं यंत्र त्याच्यासमोर पुसून टाकलं आणि किल्ली परत त्याच्या हातात कोंबली.

रविवारी दादा आला. आई वॉकर टेकत मागून, तिच्या मागे तिची बॅग उचललेला लिफ्टवाला. दादानं खोली पाहिली – साधी खाट, एक खिडकी, बाकी मोकळी जमीन. त्यानं वाकून खाटेखाली पाहिलं. भिंतीतलं कपाट उघडलं.

"बाकीचं कुठे लपवलंस?"

उत्तर जिभेवर आलं. या वेळी मी ते गिळलं नाही.

"लपवलेलं नाही, दादा. आणि माझ्या घरात वाकून वाकून शोधायचं नाही. मला खरेदीचं व्यसन आहे. होय, व्यसनच. तू फोनवर मला फाडून खातोस आणि मी वस्तू मागवते, हे मला आता कळलंय. पुन्हा घसरेनही. पण आई इथेच राहील. ओरडायचं असेल तर समोर येऊन ओरड, मी उत्तर देईन."

बहुधा काहीतरी म्हणायचं म्हणून दादानं बॅगवाल्याकडे बोट केलं. "आणि हे... हे कोण?"

"हा मला थांबवतो. मी त्याला थांबवते. आणि मला तो आवडतो." मी क्षणभर विचार केला. "या क्रमानं नाही."

धप्प असा आवाज झाला. बॅग.

आई वॉकरसकट सावकाश वळली, कशालाही न धडकता एक पूर्ण फेरा, आणि खाटेवर टेकली. "छान ऐसपैस आहे गं. दादाला बसायला तेवढी एक खुर्ची हवी."

मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे.

"आहे घरात!" आम्ही एकदमच ओरडलो.

दादानं खाली पडलेली बॅग उचलली. जरा घुटमळला. "ही कुठे ठेवू?" त्यानं विचारलं, आईला नाही – मला.

"त्या कपाटात," मी म्हटलं. "आता उघडंच आहे."

स्वयंपाकघरात खुर्चीपाशी लिफ्टवाला माझी वाट अडवून उभा होता. कान लालबुंद.

"सगळ्यांसमोर सांगून मोकळी झालीस! आधी मला एकट्याला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं असतं, तर तू आनंदानं काहीतरी विकत आणलं असतंस."

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "आणलं असतं," तो म्हणाला. खुर्ची उचलायला हात पुढे केला, आणि खुर्चीऐवजी माझा हात धरला.

"अरे, आणताय ना खुर्ची?" आतून आईची हाक आली.

"आणतो!" तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही.