खिडकीबाहेरचा पिवळा बोका

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. एस्ना गावात, नाईलकाठच्या आमच्या गल्लीत, थंडीअखेरच्या अमशीर महिन्यातल्या एका वाऱ्याच्या रात्री. इनसाफने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सांगताना तिच्यात रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

इनसाफला जुळे मुलगे. झैन आणि मुराद.

आमच्याकडे जुळ्यांच्या खोलीची खिडकी रात्री लावत नाहीत. जुळी पोरं झोपली की त्यांचा जीव मांजर होऊन बाहेर पडतो. गल्लीभर हिंडतो, पहाटेच्या अजानच्या आत परत येतो. तोवर पोराला हलवायचं नाही, उठवायचं नाही.

इनसाफच्या घरीही तसंच होतं. पहाटे खिडकीतून दोन बोके यायचे. पिवळा झैनच्या पायाशी वेटोळं करून झोपायचा, करडा मुरादच्या. मग थोड्या वेळाने पोरं डोळे चोळत उठायची.

"आजी, काल शेजारी मासे तळले होते," मुराद जिभल्या चाटत सांगायचा.

"मेल्या, चोरून खायचं आणि वर सांगायचंही!" इनसाफची सासू फहीमा त्याच्या डाव्या हातावर चापट मारायची. मुराद डावखुरा होता. जेवताना तरी उजवा हात वापर म्हणून म्हातारी रोज ओरडायची, तो रोज विसरायचा.

त्या थंडीत मुराद तापाने गेला.

करडा बोका यायचा बंद झाला.

नवरा लांब, समुद्रकाठच्या हॉटेलात कामाला. इनसाफ दिवसभर लोकांच्या रोट्या करायची. पीठ मळायचं, उन्हात फुगवायचं, भट्टीपुढे बसायचं. रात्री झैनच्या शेजारी अंग टाकलं की हाडन् हाड ठणकायचं. मुरादची जागा रिकामी दिसे, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपायची.

त्या रात्री वारा सुटला. खिडकी आपटायला लागली.

धाड... धाड...

इनसाफ अर्धवट झोपेत उठली. कडी लावली. परत आडवी झाली.

एवढंच केलं तिने.

जाग आली ती अजानने. खोलीत अंधार. पायाशी बोका नव्हता...

"झैन? ऊठ रे राजा."

झैन हलला नाही. हात गार. छाती इतकी हळू हलत होती की तिने कान लावून पाहिलं.

तिच्या किंकाळीने फहीमा धावत आली. तिने आधी पोराकडे नाही, खिडकीकडे पाहिलं.

"कडी कुणी लावली?"

"मीच... अम्मा, वारा होता..."

"अगं करंटे, तो बाहेर राहिलाय! उघड आधी!"

तेवढ्यात आवाज आला. नखांनी लाकूड ओरबाडल्याचा...

खिडकीवर.

आणि दारावरही.

दोन्हीकडे एकदम.

दार जवळ होतं. इनसाफने दार उघडलं. अंधारात तिच्या घोट्याला काहीतरी घासून आत गेलं. रंग दिसला नाही. एवढंच कळलं, की ते ओल्या मातीसारखं गार होतं...

झैनने मोठा श्वास घेतला. डोळे उघडले.

"अल्लाचे उपकार!" फहीमाने दोन्ही हात वर केले.

पण खिडकीवरचं ओरबाडणं चालूच होतं...

मग थांबलं.

इनसाफने कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. चौकटीच्या फटीत पिवळे केस अडकले होते.

सकाळी फहीमाने उकडलेल्या वालांची वाटी पोरासमोर ठेवली. त्याने रोटी मोडली. डाव्या हाताने.

म्हातारीचा हात सवयीने चापट मारायला वर गेला... आणि तिथेच राहिला.

"आई," पोरगं खाता खाता म्हणालं, "आता रोज खिडकी लावून झोपायचं हं."

वारा सरला, उन्हाळा आला. लोक गच्चीवर झोपायला लागले. इनसाफची खिडकी बंदच. बाहेर रात्रभर एक पिवळा बोका बसलेला असतो. ओरडत नाही. नुसता आत बघतो.

एकदा फहीमाला राहवलं नाही. "उघड गं पोरी. तोही तुझाच आहे."

इनसाफ भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पोरगं झोपलेलं, डावी मूठ तोंडाशी.

"उघडली तर हा जाईल, अम्मा. एकदा मातीला दिलाय मी ह्याला. पुन्हा नाही जमायचं."



रोज रात्री इनसाफ दुधाची बशी बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते. बोका तिच्या हाताला डोकं घासतो. ती थोडा वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवते.

मग हात आत घेते आणि कडी लावते.