उशीवरून काढलेले फोटो

दिवे राहू देत तसेच. तो कॅमेरा मात्र बाजूला ठेव, पोरी. तुम्हाला सगळ्यांना आता या चपट्या, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलंय, म्हणून सांगतो. माझ्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेलं आहे. तो कॅमेरे दुरुस्त करतो. घरात आम्ही त्याला भिंग्याच म्हणतो.

गेल्या नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. पावणेआठ वाजलेले, बाहेर मिट्ट काळोख. भिंग्या दुकान आवरत होता, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. तिशीचा, नीटनेटका, अत्तर लावलेला माणूस. त्याने काउंटरवर चंदेरी कॅमेरा ठेवला. साबणाच्या वडीएवढा, पुढचं झाकण सरकवलं की चालू होणारा. दिसायला अजूनही झोकदार. महिन्यापूर्वी मावशी गेली, तिच्या कपाटात सापडला, म्हणाला. बॅटरी पंधरा वर्षांपूर्वीच मेलेली, आणि झाकण अडकलंय. होणाऱ्या बायकोला अगदी असाच हवा होता.

भिंग्याने त्याला बसायला सांगितलं आणि टेबलावर पांढरा कागद पसरून कॅमेरा उघडला. झाकणाखाली पिवळट चिकटा होता. बॅटरी गळली असेल, असं समजून त्याने तो स्पिरिटने पुसला. पुन्हा आला. आणि वास बॅटरीचा नव्हता. बरेच दिवस न बदललेली पट्टी जखमेवरून सोडवावी, तसा होता. भिंग्याने तोंड फिरवलं. तरी फुगलेली बॅटरी काढून त्याने स्वतःकडची घातली. झाकण सरकलं.

पडद्यावर मावशी आली. वीस वर्षांपूर्वीची, गॉगल लावून हसणारी. भिंग्याला जरा बरं वाटलं. तो पुढचे पुढचे फोटो बघत गेला... आणि एकदम तारीख बदलली. मागच्याच महिन्याची. बॅटरी मेली की आतलं घड्याळही मरतं. हे तर बरोबर चाललं होतं.

छताचा पंखा. कुणी उशीवर पडल्या पडल्या काढावा, तसा.

मग पंख्यासमोर एक चेहरा. वाकलेला. जीभ दातात धरलेला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचाच.

मग त्याचे हात. एक म्हातारं, सुजलेलं बोट. त्यात रुतलेली अंगठी.

मग... तो त्या बोटावर थुंकत होता.

 तोंडावर रुमाल धरून भिंग्याने पडदा गिऱ्हाइकाकडे फिरवला.

"मावशी गेली, तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"नाही. बाहेरगावी होतो."

"मग हे कुणी काढले?"

तो माणूस एकेक फोटो बघत गेला.  मग हळूच म्हणाला, "ती तेव्हा गेलेली होती... अर्धा तास होऊन गेला होता."



भिंग्या म्हणतो, खरी किळस आली ती त्यानंतर. तो माणूस रडला नाही, घाबरलाही नाही. त्याने एवढंच विचारलं, हे तेवढे पुसून देता येतील का.

भिंग्याने दाराकडे बोट केलं. "उठा."

कॅमेरा खिशात टाकून तो निघून गेला. पुढे त्याचं लग्नही झालं म्हणे, थाटात.

भिंग्याने तीनदा हात धुतले. मग टेबल आवरायला वळला... आणि थांबला.

कागदावर, कॅमेरा होता त्या जागी, कातडीचं एक कडं पडलं होतं. पातळ. बोटाच्या मापाचं. कुठे चीर नाही, जोड नाही.

त्याने ते काचेच्या डबीत ठेवलंय. मी पाहिलंय. वर्ष होत आलं...

अजून ओलं आहे.