डोंगराने धरून ठेवलेलं

कोळशाच्या धगीवर चहा भाजताना तोंड बंद ठेवावं, असं बाबा सांगायचे. बोलण्याचा वास पानाला लागतो म्हणे. मला ते कधीच जमलं नाही. बाबा गेल्यावर तर मी भट्टीपाशी बसून मुद्दाम मोठमोठ्याने बोलायचे, आणि बहुतेक वेळा दिंगला शिव्या घालायचे.

दिंग हा तालुक्याच्या चहा कंपनीचा मॅनेजर. ऐन थंडीत बाबा आमच्या जुन्या झाडांच्या उतारावर पडलेले सापडले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. दिंग समाचाराला आला. मी चहा ओतला, त्याने रीतीप्रमाणे दोन बोटं टेबलावर टकटकवून आभार मानले आणि म्हणाला, "त्या दिवशी सकाळीच भेटलो त्यांना. उतार कंपनीला द्यायला तयार झाले होते. तोंडी का होईना, शब्द दिला होता. मी निघालो तेव्हा ठणठणीत होते हो."

"बाबांनी शब्द दिला? तुम्हाला?"

"गेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलेन का मी?"

गेलेला माणूस उलटून बोलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या गावात तो उतार हाक देणाऱ्या घराचा. थंडी सरून मातीतले किडे जागे होतात त्या दिवशी सगळा गाव ढोल-झांजा घेऊन उतारावर जमतो. हाक देणारा समोरच्या कड्याकडे तोंड करून ओरडतो, "चहा, फूट!" कडा तेच शब्द परत देतो, आणि मग त्या वर्षीची पालवी आपली. हाक देणारा उरला नाही किंवा कड्याने त्याची हाक परत दिली नाही, तर उतार गावाचा. गाव तो दिंगला देणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाबांना मी एकटीच. आणि बाईने आजवर हाक दिलेली नव्हती.

"मी देणार हाक," मी आत्याला सांगितलं.

"डोंगर रुसेल," ती म्हणाली.

"रुसू दे. समजूत काढू."

"तुझी जीभ, शाओमान. बापाने लाडावून ठेवलंय नुसतं."

एक गोष्ट मात्र मी आत्यापुढे कबूल करत नव्हते. बाबा गेले त्या दिवसापासून कड्याने आवाज परत देणं सोडलं होतं. नव्या वर्षाचे फटाके वाजले ते वाजून तिथेच संपले. मुलं हाका मारून कंटाळली. कंपनीने कड्याखालचा बांबू तोडला म्हणून असेल, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण कडा होता तिथेच होता, आणि आवाज दगडावरून परत येतो, बांबूवरून नाही, हे मलाही कळत होतं. उतारावर एकटी काम करताना वाटायचं, समोर कुणीतरी श्वास रोखून ऐकतंय.

सणाच्या सकाळी धुकं होतं. झुडपांना लाल फडकी बांधली होती, उदबत्त्यांचा धूर जमिनीलगत सरपटत होता. दिंगने शहरातून पाहुणे आणले होते, आणि एक कर्णाही. त्यात बाबांची गेल्या वर्षीची हाक भरलेली होती.

"डोंगराला काय फरक पडतो, माणूस आहे की यंत्र?" तो सरपंच वंगकाकांना म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

बाबांचा आवाज उतारावरून गेला. परत काहीच आलं नाही.

मी पुढे झाले. मागून आत्या कुजबुजली, "तीन हाकांवर चौथी द्यायची नाही हं. त्यापुढे डोंगराशी बोलत नाहीत."

मी तीनदा हाक दिली. घसा सोलवटून निघाला. कडा गप्प.

"पोरी," वंगकाका खाली बघत म्हणाले, "गावाने पाहिलं. आता माझा इलाज नाही."

"हाकेनंतर चहा असतो, काका. रीत पुरी होऊ द्या."

मी दगडी ओट्यावर बसले. किटली दोन्ही हातांनी धरली. चार इवले कप मांडले: वंगकाका, आत्या, दिंग, आणि चौथा कड्याकडे तोंड करून बाबांचा. थोडे रिते ठेवूनच भरले. आमच्याकडे काठोकाठ भरलेला कप म्हणजे 'ऊठ आणि चालता हो'. बाबांनी जन्मात कुणापुढे तसा कप ठेवला नव्हता.

दिंगने बोटं टकटकवली.

"चहा, फूट!"

माझा आवाज. समोरून. तीनदा.

ढोलवाल्याने टिपरी खाली ठेवली.

मग कर्ण्यातली खरखरती हाक आली. मग फटाके, नव्या वर्षाचे. मग मुलांची कंटाळलेली ओरड. मग बाबांच्या अंत्ययात्रेतली सनई, आणि तिच्याखाली माझं रडणं. सगळी थंडी उलट्या क्रमाने परत येत होती.

आत्याने माझा दंड घट्ट धरला.

मग अगदी साध्या, बोलण्याच्या आवाजात बाबा.

"नाही म्हटलं ना. झाडं शाओमानची आहेत. तिला विचार."

"तुमच्यामागे तिला कोण विचारतंय, म्हातारबा?" हा दिंग होता.

खोकला. खडी घसरल्याचा आवाज. काहीतरी जड पडलं.

"दिंग... हात दे."

त्यानंतर बूट. घाईघाईने लांब जाणारे.

आणि मग बराच वेळ नुसतं माझं नाव. दर वेळी आणखी हळू.

दिंगचा चेहरा राखेसारखा झाला होता. "हे... कुणीतरी यंत्र लावलंय," तो म्हणाला. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

मी किटली उचलली आणि त्याचा कप भरला. काठापर्यंत, काठावरून, ओटा भिजून चहा त्याच्या बुटांवर सांडेपर्यंत. आता किटली एकाच हातात होती.

"घ्या," वंगकाका त्याला म्हणाले. "आणि पुन्हा या डोंगरावर पाय ठेवू नका."

तो न पिताच गेला. पाहुणेही गेले. उतार माझ्या घराचा राहिला. ते सांगायला कुणाला तोंड उघडावं लागलं नाही.

सगळे उतरल्यावर आत्या म्हणाली, "चल. आता इथे अवाक्षर बोलू नकोस."

आयुष्यभर मला हेच सांगण्यात आलंय. मी कड्याकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, चहा निवतोय."

ते शब्द परत आले नाहीत. धुक्यातून, ओट्याच्या पलीकडच्या कडेला, दगडावर दोन बोटं टकटकली.

आत्याने डोळे मिटून घेतले. मी चौथा कप पाहिला. तो रिकामा होता.

मी तो पुन्हा भरला. थोडा रिता ठेवून.