पाचवा पिंजरा

"सोमवारी चौकशी समिती संशोधनातून माझं नाव काढून टाकणार," शाल्मली म्हणाली, आणि तिची कॉफी बशीत सांडली.

बसवनगुडीच्या चंद्राबाई खासगी तपास करायच्या. धाकटा भाऊ गुंडो सोबतीला. पुण्याहून संशोधनाला आलेल्या या मुलीवर आरोप होता, की तिने उंदरांच्या जखमांची मापं खोटी लिहिली. उंदीर जन्मापासून जंतुमुक्त वाढवलेले, जखमा सारख्याच. तरी पाचव्या पिंजऱ्यातल्यांच्या सहा दिवसांत भरल्या. बाकीच्यांना बारा लागले.

"मी नव्या उंदरांवर पुन्हा करून पाहिलं," तिचे मार्गदर्शक प्राणेश प्रयोगशाळेत म्हणाले. "खोलीला कुलूप, दाणापाणी माझंच. एकही जखम लवकर भरली नाही. आता सांगा!"

उंदरांची देखभाल करणारी महानंदा निपाणीकडची. "लेकरांना चिमट्यानं खायला टाकते, बाई. मग स्वल्प झाडलोट."

"आणि हातमोजे?" चंद्राबाईंनी विचारलं.

"ते काय, खुंटीला."

गुंडोने ते चाचपले. आतली पावडर विस्कटलीसुद्धा नव्हती. 'किती जपून वापरते!' त्याला कौतुक वाटलं.

चंद्राबाईंनी हातमोजा चढवून चौथ्या पिंजऱ्यात हात घातला. उंदीर कोपऱ्यात दडले. पाचव्यातला एक मात्र सरळ तळहातावर येऊन बसला.

"सर, सगळ्या उंदरांच्या अंगावरून कापसाचा बोळा फिरवा. महानंदाच्या हातांवरूनही. काय उगवतं बघू."

सोमवारी उजाडताच सगळे जमले.

"शाल्मलीने खरंच लिहिलं," चंद्राबाई म्हणाल्या. "चिमट्याने उंदीर माणसाळत नाही. हातमोजे कोरे. म्हणजे त्यांना कुणी उघड्या हातांनी कुरवाळत होतं. पाचव्या पिंजऱ्यात आणि महानंदाच्या हातांवर एकाच जातीचे जंतू निघाले. बाकी पिंजरे स्वच्छ. सरांच्या कुलपाआड ते हात पोचलेच नाहीत."

"पण अक्का, जंतूंनी जखम चिघळते ना?" गुंडोने विचारलं.

"सगळ्यांनीच नाही," प्राणेश हळूच म्हणाले. "कातडीवरचे काही जंतू शरीराच्या रक्षक पेशींना जागं करत असावेत. त्या धावून येतात, डागडुजी करतात. माझं चुकलं, शाल्मली."

महानंदा पाचव्या पिंजऱ्यापाशी खाली बसली. "त्या पिल्लांची आई मेलेली, बाई. माझं बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. ही पिल्लं पाहिली, अन् राहवेना. पोरीवर किटाळ त्यातनंच आलं, हे कुठं ठाऊक!"

प्राणेशांनी आरोप मागे घ्यायला कागद ओढला. शाल्मलीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती महानंदाशेजारी फरशीवर बसली.

"मग बाई," महानंदाने विचारलं, "मी हात लावला असता, तर?"

गुंडोने बहिणीकडे पाहिलं. अक्का उत्तराला कधी अडायची नाही.

"ठाऊक नाही गं," चंद्राबाई म्हणाल्या.