गुरुवारच्या बाई

गुरुवारी चार वाजता मगदूम बाई येणार म्हणजे येणार. गडहिंग्लजच्या एस.टी.चा भरवसा नसेल, बाईंचा होता. चापूनचोपून नेसलेली कडक साडी, दारात जोडीनं काढलेल्या चपला. खुर्चीत ताठ बसून त्या उजवा हात टेबलावर ठेवायच्या. हातातलं मनकडं टेबलावरच्या काचेला टेकलं की काच उजळायची. हिरवी.

"आहे ना बरोबर?" बाई विचारायच्या.

"अगदी बरोबर, बाई," ऋतुजा म्हणायची, आणि दोघी हसायच्या. कारण हेच दोघींमध्ये पूर्वी उलट बाजूनं घडायचं. ऋतुजा चौगुले तिसरीत असताना पाटी पुढं करून हाच प्रश्न विचारायची आणि सुनंदा मगदूम बाई खडूनं खूण करायच्या. आता ऋतुजा सरकारी केंद्रात समुपदेशक होती आणि बाई तिच्याकडे मन मोकळं करायला येत होत्या. गुरूचा शिष्यावर एवढा विश्वास असावा, याचा ऋतुजाला अभिमान होता. जरा जास्तच होता.

मनकडं आता लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. राखाडी रंगाचं, बांगडीएवढं. नाडी, घाम, झोप आणि हिंडणं-फिरणं पाहून ते माणसाचं मनमान काढायचं, थर्मामीटर ताप काढतो तसं. बोलणं मात्र ते ऐकत नसे. तेवढं खासगीपण लोकांनी भांडून राखलं होतं. मनमान हिरवं असेल तर आठवड्याला एक तास समुपदेशन पुरे. पिवळं झालं तर एका दिवसाआड. लाल झालं तर डॉक्टर, औषधं आणि रोजची सोबत. तालुक्याला समुपदेशक दोघंच, त्यामुळं कोणाला किती आधार द्यायचा हे कड्यानं ठरवणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. कड्याचं न ऐकता स्वतःच्या मतानं निर्णय घ्यायची मुभा ऋतुजाला होती, पण ती वापरायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

बाईंची शाळा मुलं कमी झाली म्हणून बंद पडली होती. त्याआधी नवरा गेला होता. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा काच पिवळी होती आणि बाई तासभर नुसत्या खिडकीकडे बघत बसल्या होत्या. ऋतुजानं जीव ओतून काम केलं. दोन महिन्यांत काच हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. वरिष्ठांनी बैठकीत तिचं नाव घेतलं. ही बातमी तिनं बाईंना सांगितली तेव्हा बाईंचे डोळे भरून आले होते.

हल्ली बाई येताना काहीतरी घेऊन यायच्या. आधी शब्दकोश आणला, मग शाईचं पेन. गेल्या गुरुवारी तर शाळेची पितळी घंटाच पिशवीतून काढली.

"ही तुझ्याकडं असू दे. मला आता लागायची नाही."

"बाई, एवढी मोठी भेट!" ऋतुजा हरखून म्हणाली. तिनं घंटा कपाटात शब्दकोशाशेजारी नीट मांडून ठेवली. बाईंचा ब्लाऊज खांद्यावर सैल पडला होता, तेही तिला दिसलं होतं. पण काच हिरवी होती.

रविवारी बाजारात ती वांगी घेत होती. पलीकडून ओळखीचा आवाज आला. बाईंच्या धाकट्या जाऊबाई, रंजनाकाकू, कोथिंबिरीवरून भाजीवालीला हैराण करत होत्या. काकू म्हणजे गडगडाट. भजनी मंडळात टाळ्या वाजवणाऱ्या, दुपारी घोरून झोपणाऱ्या, दिवसभर गावभर फिरणाऱ्या. कोथिंबिरीची जुडी नाचवत त्यांनी हात वर केला, आणि त्यांच्या हिरव्या बांगड्यांमध्ये ऋतुजाला राखाडी मनकडं दिसलं.

"काकू, तुम्हीपण येता होय केंद्रावर?"

"मी कशाला येऊ? मला काय झालंय?" काकू हसल्या. मग हाताकडं बघून म्हणाल्या, "व्हय, हे! हे अक्कांचं आहे, तुझ्या बाईंचं. त्यांच्या हाताला रुततंय म्हणं. मला म्हणाल्या, तू घाल, नुसतं पडून राहिलं तर बिघडतंय. बेस्तरवारी केंद्रावर येताना तेवढं मागून घेत्यात."

ऋतुजाच्या हातातली वांगी तिथंच राहिली. तिनं गेले काही महिने जी गाढ झोप काचेवर पाहिली होती, ती रंजनाकाकूंची होती. मंगळवारी संध्याकाळी मनमान उसळी घ्यायचं ते काकूंच्या भजनानं. माणूस स्वतःच्याच दुखण्याची कॉपी करेल, हे कडं बनवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि ते करणार कोण, तर परीक्षेत नुसती मान वळवली तरी पेपर काढून घेणाऱ्या मगदूम बाई!

मग तिला घंटा आठवली. शब्दकोश आणि पेनही आठवलं. माणूस आपल्या वस्तू एकेक करून कधी देऊन टाकतो, हे तिला शिकवलेलं होतं. परीक्षेत तिनं ते बरोबर लिहिलंही होतं.

"काकू, घरी कोण आहे आत्ता?"

"अक्काच एकट्या. का गं?"

"चला लवकर."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले. बाई माजघरातल्या खुर्चीत बसल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते, साडी चुरगळलेली, समोर सकाळचा चहा साय धरून थंड झालेला. ऋतुजाला पाहून त्यांचा हात घाईनं केसांकडे गेला.

"आज गुरुवार आहे?"

"नाही, बाई. रविवार आहे."

"मग कशाला आलीस?" बाई रागानं म्हणाल्या. त्या रागात इतकी लाज होती की ऋतुजाला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. काकूंच्या हातातलं कडं मागून घेतलं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

बाईंनी कडं बोटानं बाजूला सारलं. म्हणाल्या, "तुला शाबासकी मिळाली होती. मी लाल झाले असते तर तुझ्या निकालाचं काय? माझ्यामुळं माझी पोरगी नापास होणार?"

ऋतुजा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, वर्गात बसायची तशी.

"बाई, तपासणीला साहेब यायचे तेव्हा आपण काय करायचो आठवतंय? आदल्या दिवशी शाळा सारवायची. नखं कापायची. मला पहिल्या ओळीत बसवायचात, कारण मला पाढे येत होते. ज्यांना येत नव्हते ती पोरं मागं. साहेबांनी मागं कधी बघितलं नाही. शेरा मारून गेले." तिनं नाक पुसलं. "इतके महिने मी साहेबच झाले होते, बाई. माझी चूक आहे ती."

काकू दाराला धरून उभ्या होत्या, त्यांचा गडगडाट कुठल्या कुठं गेला होता.

"आता सरळ विचारते. मरून जावंसं वाटतं का?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. बाईंनी मात्र पहिल्यांदाच ऋतुजाच्या डोळ्यांत पाहिलं. कोणीतरी विचारेल म्हणून त्या फार दिवस थांबल्या असाव्यात.

"वाटतं," त्या म्हणाल्या. "रोजच वाटतं. बुधवारी रात्री मनाला सांगते, उद्या ऋतुजाकडं जायचंय, ताठ हो. एक दिवस जमतं. मग शुक्रवार येतो."

"आणि आज?"

"आज सकाळपासून जास्त आहे."

"मग मी आज इथून हलणार नाही. डॉक्टरांना बोलावते. आठवड्याचा एक तास तुम्हाला पुरत नाही, बाई. पुरत नव्हताच."

"म्हणजे मी नापास."

"ही परीक्षाच नव्हती," ऋतुजा म्हणाली.

तासाभरात डॉक्टर आले. बाईंशी निवांत बोलले, औषध सुरू केलं, आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात जागा होईपर्यंत बाईंना क्षणभरही एकटं सोडायचं नाही असं बजावलं. काकूंनी स्वतःचं अंथरूण अक्कांच्या खोलीत आणून टाकलं. "घोरले तर उठवा मला," त्या म्हणाल्या, आणि बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. ऋतुजानं केंद्रावरून घंटा मागवून घेतली आणि बाईंच्या उशाशी ठेवली.

"ही मी ठेवून घेणार नाही. मन अंधारलं की वाजवायची. वार बघायचा नाही."

बाईंनी घंटेवर हात ठेवला. वाजवली नाही, पण हातही काढला नाही.

सोमवारी बाईंना इस्पितळात दाखल करून ऋतुजा केंद्रावर आली. बाईंच्या नावापुढं तिनं स्वतःच्या मतानं लाल खूण केली. कारण विचारणाऱ्या चौकटीत लिहिलं, 'मी घरी जाऊन पाहिलं.' मग तिनं काचेवर तालुक्याची यादी उघडली. नावाखाली नाव, आणि बाकी प्रत्येकापुढं हिरवा ठिपका. गेल्या आठवड्यात हीच यादी तिनं वरिष्ठांना कौतुकानं दाखवली होती. यातली किती कडी ज्याची त्याच्या हातात होती?

तिनं पहिल्या नावाला फोन लावला. पलीकडून गोंधळलेला आवाज आला, "मॅडम? माझा वार तर शुक्रवार आहे."

"माहीत आहे," ऋतुजा म्हणाली. "आज कसे आहात?"