शेवटची माशी मेली की सांगते

या, अंमळ जवळ सरका. गोष्ट प्रेमाची आहे, पण तिच्या ऐन मध्यावर राईच्या दाण्याएवढी एक माशी बसली आहे, तेव्हा जरा निरखून ऐका. देवाची करणी बघायला दरवेळी डोंगर चढावा लागत नाही हो. कधी ती बाटलीतही सापडते, कापसाच्या बोळ्याखाली.

एका प्रयोगशाळेत एक मोजणारी होती. फळमाश्यांनी घातलेली अंडी भिंगाखाली मोजायची, मेलेल्या माश्या मोजायच्या आणि वहीत आकडा टाकायचा, एवढंच तिचं काम. एका सकाळी बाटल्यांचा ट्रे घेऊन ती वळणावर आली, तर समोरून वाफाळतं पातेलं घेऊन एक उंच माणूस. ती डावीकडे सरली, तोही तिकडेच. ती उजवीकडे, तोही उजवीकडे...

"तुम्हीच ठरवा काय ते," तो म्हणाला, "माझे हात भाजतायत."

"कुणासाठी एवढा स्वयंपाक?"

"तुमच्याच लेकरांसाठी. मी माश्यांचा नवा आचारी."

मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट यांचं खिमट तो शिजवायचा. निळ्या चिठ्ठीच्या बाटल्यांना घट्ट. पांढऱ्या चिठ्ठीच्या बाटल्यांना तेच, पण पाणी घालून पातळ. अर्धपोटी ठेवलं तर आयुष्य वाढतं का, हे प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना बघायचं होतं.

वाढत होतं. निळ्यावाल्या भराभर अंडी घालत आणि भराभर मरत. पांढऱ्यावाल्या अंड्याला जवळजवळ शिवतच नसत. पण जगत, आणि जगतच राहत.

मोजणारीला यात नवल वाटलं नाही. तिची आई भरभरून जगली, चार लेकरं झाली, आणि छत्तिसाव्या वर्षी विझली. मग वाढवलं ते आत्यानं. आत्या आता ब्याऐंशीची. घोटभर दूध, पावाचा तुकडा, मोजके शब्द, लग्न नाही. "कमी घे, पुष्कळ टिकशील," हे तिचं कायमचं सांगणं. मोजणारी चौतिशीला आली तरी कुणाकडे दोनदा पाहत नसे, ते त्याचमुळे.

आचाऱ्याकडे मात्र तिसऱ्यांदा पाहून झालं होतं.

एके दुपारी खिडकीवर पाऊस टपटपत होता. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"एक विचारू?"

"मोजतेय. त्र्याहत्तर... चौऱ्याहत्तर..."

"झालं की विचारतो."

"लग्नाचं असेल तर आकडा चुकेल माझा."

तो हळूच म्हणाला, "म्हणजे कळलंय तुम्हाला."

"यीस्टचा वास लपतो का? तसंच हे."

"मग—?"

भिंगावरचा डोळा तिनं हलवला नाही. कान तेवढे लाल झाले. "पांढऱ्या चिठ्ठीची शेवटची माशी मेली की सांगते."

तो हसला, आणि हातातल्या पातेल्याकडे लक्ष जाताच त्याचं हसू मावळलं. त्या माश्यांना पातळ रांधून घालणारा तोच की. स्वतःचा वनवास स्वतःच ढवळत बसायचा.

दिवस गेले. मोजणारी रोज चोरून खिमटात काडी बुडवून बघे. पातळ ते पातळच. शेवटी तिनंच विचारलं, "एखादा चमचा जास्त पडला असता तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. पण तुमची वही खोटी पडली असती. खोट्या वहीतून निघालेलं 'हो' मला पचलं नसतं."

त्या दिवशी तिचा आकडा दोनदा चुकला.

साठावा दिवस उजाडला. निळ्या बाटल्या बहुतेक ओस. पांढऱ्यांत चाळीस म्हाताऱ्या अजून पाय ओढत फिरत होत्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "यांतल्या निम्म्यांना आता घट्ट जेवण द्या."

"या वयात?" मोजणारी म्हणाली. "बाई, त्या लवकर मरतील."

"मरतील बहुतेक. पण त्याआधी काय करतात, ते बघू या."

तिसऱ्या सकाळी तिनं बाटली भिंगाखाली धरली, आणि मोजायचं विसरली. खिमटावर अंडी होती. शुभ्र, तांदळाच्या कणीहून कितीतरी बारीक, आणि प्रत्येकाला वर दोन नाजूक धागे, जणू हात उंचावलेले. शेजारी पंख झिजलेली एक म्हातारी पोट टेकवून आणखी एक ठेवत होती, सावकाश, देव्हाऱ्यात फूल ठेवावं तशी.

मोजणारीचा श्वास भिंगावर धुकं होऊन बसला. त्या एवढ्याशा जिवानं काहीच टाकून दिलं नव्हतं. साठ दिवसांच्या उपासात सारं आत जपून ठेवलं होतं, एका भरल्या ताटाच्या भरवशावर. घडवणाऱ्यानं केवढी वाट बघण्याची ताकद दिली होती त्या टाचणीच्या टोकाएवढ्या पोटात... आणि ताट समोर आल्यावर तिनं उरलेल्या दिवसांचा हिशेब केला नाही.

संध्याकाळी तिनं सगळं आत्याला सांगितलं. आचाऱ्याचंही. आत्याच्या हातात रात्रीच्या दुधाचा पेला होता.

"मलाही एकानं विचारलं होतं गं. 'पुढं बघू' म्हटलं." तिनं पेला बाजूला ठेवला. "आयुष्य असं जपलं, असं जपलं, की त्याची घडीसुद्धा मोडली नाही. ब्याऐंशी वर्षं झाली, अजून कोरं आहे. तू कशाला थांबलीस? माझं ऐकून? ऐकू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणारी माश्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आतून वाफ, मक्याचा गोडसर वास. त्यानं मान वर केली.

"गेली शेवटची?"

"नाही. पातळ खाणाऱ्या वीसच्या वीस जिवंत आहेत."

त्याचा चेहरा उतरला. "मग... थांबतो. मला काय, रांधायचंच आहे."

"मला नाही थांबवत," ती म्हणाली. आणि मग, आजवर कधी न म्हटलेलं, "तू विचार ना, काय विचारायचं होतं ते."

'तू' ऐकून त्याच्या हातातला डाव पातेल्यातच बुडाला. त्यानं विचारायला तोंड उघडलं. पण ती आधीच "हो" म्हणून बसली होती.

खिमट त्या दिवशी करपलं. माश्या तासभर उपाशी राहिल्या. त्यांना सवय होती.

आता उठण्याआधी एवढं ऐका. या दोघांचं चांगलंच चाललंय, त्यांची काळजी नको. पण घरी जाऊन ठेवणीतलं काही काढाल आणि घडी मोडाल ना, तेव्हा त्या आत्याची क्षणभर आठवण काढा. तिनं आपलं सारं कोरं ठेवलं, आणि शेवटी नेसायला दुसरीला दिलं.